आमच्या साडूंची क्लाउडची तयारी

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट तयारीवाचून केली नाही, आणि तयारी करता करता निम्म्या गोष्टी करायच्याच राहून गेल्या. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय बावन्न, मुक्काम राजारामपुरी, मूळ गाव राधानगरीच्या पलीकडं नदीकाठी. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी आम्ही एकमेकांना 'पावणं' म्हणतो, आणि तेवढं सोडलं तर आमच्यात पाहुण्यासारखं काही उरलेलं नाही. मी शाळेत मराठी शिकवतो. घाईघाईनं वर्गात शिरायचं, खडू शोधायचा आणि आज कुठला धडा हे पोरांनाच विचारायचं, अशी माझी पद्धत. त्यामुळं साडूंना माझी काळजी वाटते आणि मला त्यांची.

त्यांना पोहायला शिकायचं होतं तेव्हाची गोष्ट. महिनाभर ते घरातल्या लाकडी बाकावर पालथे पडून हातपाय मारत होते. श्वास धरायचा सराव म्हणून तोंड बादलीत. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, धुण्यासाठी बादली मागायला आली की बादलीत बुडबुडे आणि बाहेर हात वर यायचा, थांब म्हणून. महिन्यानं सगळी तयारी झाली, फक्त पाणी तेवढं बाकी राहिलं, आणि तेवढ्यात विहिरीच्या मालकानं विहिरीवर जाळी बसवली. मित्रांबरोबर जोतिबाला चालत जायचं ठरलं तर हे आदल्या आठवड्यात एसटीनं जाऊन वाट बघून आले, कुठं सावली, कुठं पाणी, कुठल्या वळणावर कुत्री, सगळ्याचा नकाशा काढला, आणि निघायच्या दिवशी कुठल्या चपला घालाव्यात याचा विचार संपेपर्यंत मित्र गुलालानं माखून परत आले. अक्काला बघायला गेले तेव्हा विचारायचे प्रश्न त्यांनी कागदावर लिहून नेले होते. शिक्षण, आवड, स्वयंपाक असं ओळीनं चाललं होतं. मधेच अक्कानंच विचारलं, "च्या घेणार का?" तर यांनी घाबरून कागद उलटून पाहिला. अक्का म्हणते, त्याच क्षणी मी ठरवलं, हा माणूस कुणाला फसवू शकणार न्हाय.

हे साडू एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कारखान्यात संगणकाचं काम बघतात. पगारपत्रकं, मालाची नोंद, कुठल्या गिऱ्हाइकाचा कुठला सुटा भाग किती वजनाचा, सगळं त्यांच्या ताब्यात. गेल्या काही वर्षांत धाकटे मालक कारभार बघायला लागले आणि एका सकाळी त्यांनी साडूंना बोलावून सांगितलं, "काका, आपण सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलंय. शनिवार-रविवारचा चार महिन्यांचा कोर्स आहे. तुम्ही केलात तर नवं काम तुमच्याकडंच. नाही जमलं तर मग गोदामाकडं बसावं लागेल. बघा." मालक वाईट बोलले नव्हते, उलट चहा पाजून बोलले होते. पण साडू त्या दिवशी कारखान्यातून निघाले ते तडक आमच्याकडंच आले, आणि बूट न काढता खुर्चीत बसले. ज्या माणसाची बूट काढायचीसुद्धा ठरलेली पद्धत आहे, त्याचे पाय बुटात बघून माझ्या बायकोनं काही न विचारता आधी पाणी आणलं.

"कोर्स सुरू व्हायला किती दिवस हायत?" मी विचारलं.

"चाळीस."

"मग झालं की. चाळीस दिवसांत तुम्ही लढाईची तयारी कराल."

त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी ते चेष्टेनं म्हणालो होतो. त्यांनी ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते राजारामपुरीनं आजवर पाहिलं नव्हतं. डोळे तपासून नवा चष्मा झाला. सहा वह्या आल्या, सहाही वह्यांना कव्हरं घातली गेली, आणि प्रत्येकीवर नाव, विषय आणि 'हरवल्यास आणून द्यावी' असं लिहिलं गेलं. टाइपिंगचा वेग वाढावा म्हणून ते सकाळी वर्तमानपत्रातले अग्रलेख टाइप करायला लागले, आणि त्यांची मतं बदलायला लागली. शनिवारी वर्गात झोप येऊ नये म्हणून शुक्रवारी तांबडा रस्सा बंद झाला. हे ऐकून अक्काच्या माहेरी सगळ्यांना धक्का बसला. कोर्सच्या जागी ते पंधरा दिवस आधीच जाऊन आले, घरापासून किती मिनिटं लागतात हे तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी मोजून आले, पंखा कुठं आहे आणि उजेड कुठून येतो हे बघून आले. तिथल्या पहारेकऱ्याशी त्यांची इतकी ओळख झाली की वर्ग सुरू व्हायच्या आधी ते त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला जाऊन जेवून आले.

आणि रोज संध्याकाळी ते आमच्याकडं येऊ लागले. दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय आपल्याला समजत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि दुसरा म्हणून माझी नेमणूक झाली. "पावणं, क्लाउड म्हंजे ढग न्हाय," ते सुरू करायचे. "लग्नात आपण मोठी पातेली इकत घेतो का? न्हाय. मांडववाल्याकडनं आणतो. शंभर माणूस वाढलं, आणखी दोन पातेली सांगतो. लग्न झालं, परत. तसं हे. संगणक दुसऱ्याचा, दुसऱ्याच्या गावात. आपण लागंल तेवढा वापरायचा." मला हे पटलं. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण पातेली परत करायची विसरली तर?" साडूंनी लगेच वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला. पुढं कोर्समध्ये या एकाच विसराळूपणावर आख्खा एक तास होता, हे कळल्यावर आमच्या घरात बायकोचं वजन वाढलं ते अजून उतरलेलं नाही.

अखेर कोर्स सुरू झाला. शिकवायला मुरगूडची एक मुलगी होती. अफसाना तिचं नाव, वय पंचवीसच्या आसपास, वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. तिला सगळे मॅडम म्हणायचे आणि ती साडूंना काका म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं की या कोर्सला पुस्तक नाही आणि परीक्षाही नाही. प्रत्येकानं खऱ्या माणसांच्या उपयोगाचा एक प्रकल्प करायचा, हातानं करायचा, आणि रोज एका वहीत लिहायचं, आज काय मोडलं आणि ते कसं दुरुस्त केलं. मार्क प्रकल्पाला आणि त्या वहीला. साडूंनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "परीक्षाच न्हाय म्हणाली ओ," ते म्हणाले. एखाद्यानं पैलवानाला सांगावं की बाबा, आखाडाच रद्द झाला, तसे दिसत होते.

पाच आठवड्यांनी मॅडमनी वह्या तपासल्या. साडूंची वही कोरी. एका पानावर तारीख, खाली 'निरंक'. दुसऱ्या पानावर तारीख, खाली 'निरंक'. अशी दहा पानं.

"काका, हे काय?"

"मॅडम, माझं काय चुकलंच न्हाय."

"काही केलं का?"

"तयारी चालली हाय."

वर्गात वीस-बावीस वर्षांची पोरं होती, ती हसली. मॅडम हसली नाही. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि हळू म्हणाली, "काका, आमच्या अब्बांच्या गॅरेजात पहिल्या दिवशी मी एक इंजिन पूर्ण खोललं. जोडताना तीन नट उरले. अब्बा म्हणाले, आता तुला त्या तीन नटांचं नाव जन्मभर इसरायचं न्हाय. तुमच्या वहीत मला नट दिसू देत की. चुकायला भ्यालात तर मी तुम्हांस्नी कशी शिकवू?"

साडूंनी हे मला शब्दन् शब्द सांगितलं. पॉलिटेक्निकच्या प्रवेशावेळचा एक किस्सा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. त्यांना घड्याळदुरुस्तीचं वेड होतं आणि प्रवेशाच्या वेळी प्रात्यक्षिक म्हणून एक साधं यंत्र खोलून जोडायला दिलं होतं. चुकेल म्हणून त्यांनी ते खोललंच नाही. तासभर नुसतं बघत बसले. "सगळं येत हुतं, पावणं," ते म्हणाले, "हात तेवढा पुढं गेला न्हाय." एवढं बोलून ते चष्मा पुसत बसले. मी त्यांची पंचवीस वर्षं चेष्टा करत आलो होतो, पण तयारीच्या मागं काय आहे हे कधी विचारलं नव्हतं.

प्रकल्प त्यांनी गावचा निवडला. त्यांच्या गावाला जायला नदीवर एक बुटका पूल होता. राधानगरीकडचा पाऊस, जोर धरला की दोन-तीन तासांत पुलावर पाणी. दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी, सगळी पुलापर्यंत यायची आणि भिजून परत जायची. कुणीतरी कधी धाडस करायचं आणि गावाच्या काळजात धस्स व्हायचं. तर पुलाजवळच्या टपरीवर चहा करणाऱ्या दस्तगीरचाचांनी आपल्या फोनवरचं एक बटन दाबायचं आणि सगळ्या गावाच्या फोनवर निरोप जायचा, की पुलावर पाणी आलंय. बस, एवढंच. मॅडमना ते एकदम आवडलं. "उद्या सुरू करा," ती म्हणाली. "तयारी करू नका, सुरू करा."

साडूंनी सुरुवात केली खरी, पण स्वभाव कुठं जातो? मॅडमनी चाचणीसाठी दोन-चार नंबर घ्या म्हणून सांगितलं होतं. यांनी आधीच गावातल्या झाडून सगळ्या घरांचे नंबर गोळा करून ठेवले होते. आणि एका रविवारी दुपारी, ऐन उन्हाळ्यात, डांबर पाघळत होतं तेव्हा, त्यांनी माझ्यादेखत ते बटन पहिल्यांदा दाबलं.

निरोप गेला. माझ्याही फोनवर आला: 'पुलावर पाणी आले आहे. कृपया येऊ नये.' आम्ही टाळ्या वाजवल्या. अक्कानं साखर आणली. तेवढ्यात पुन्हा निरोप आला. मग पुन्हा. साडूंनी यंत्राला सांगितलं होतं की निरोप पोचल्याची खात्री झाली नाही तर पुन्हा पाठव. पण खात्री कशी करायची हे सांगायचं राहून गेलं होतं. यंत्र इमानी होतं. त्यानं सतरा वेळा पाठवला. बंद कुठून करायचं हे सापडेपर्यंत साडूंचा सदरा घामानं चिंब झाला होता. मग फोन सुरू झाले. पहिला त्यांच्या चुलतभावाचा.

"आरं, पाणी कुठनं आलं? धरण फुटलं काय?"

"न्हाय दादा, चाचणी..."

"अर्धा गाव पुलावर येऊन थांबलाय! खाली नदीत पोरं क्रिकेट खेळालीत, पाणी कुठंय?"

एकानं गोठ्यातली जनावरं सोडून उंचावर नेली होती. सरपंचांच्या सासऱ्यांनी धान्याची पोती माळ्यावर चढवली होती आणि आता ती उतरवायला कोण येणार असं ते विचारत होते. साडू एकेकाची माफी मागत होते. शेवटी त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "मी गोदामात बसतो. मला ह्ये जमणार न्हाय."

अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. मग ती आत गेली, ती कोरी वही घेऊन आली, पेन उघडून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आधी हे लिहा. मार्क हायत त्याला."

त्यांनी लिहिलं. दोन पानं लिहिलं. पुढच्या शनिवारी मॅडमनी ती दोन पानं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. पोरं पोट धरून हसली, आणि या वेळी साडूही हसले. मग मॅडम म्हणाली, "आता गावाला जाऊन या काका. ज्यांच्यासाठी करालायसा त्यांना तोंडानं इचारून या."

गेलो आम्ही दोघं. गावात शिरताना प्रत्येक ओट्यावरून एकच आवाज, "काय ओ, पाणी किती हाय पुलावर?" साडू मान खाली घालून चालले होते. दस्तगीरचाचांनी मात्र आम्हाला बसवलं, चहा दिला, फोन हातात घेतला आणि नीट न्याहाळला. "बटन बारीक हाय," ते म्हणाले. "माझं बोट बघा की केवढं हाय. आणि पावसात ओलं असतंय." साडूंनी लिहून घेतलं. "आणि आणखी एक. पाणी आलं ते मी सांगीन. पर पाणी उतरलं ते कोण सांगणार? लोकं घरातच बसतील की दिवसभर."

साडू चाचांकडं बघतच राहिले. सहा वह्या, चाळीस दिवस, तीन रस्ते, आणि पाणी उतरतं ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हती. परत येताना एसटीत ते लहान मुलासारखे खूश होते. "बघितलंसा? घरात बसून हे सुचलं असतं का?" हे वाक्य ते मला सांगत होते, आयुष्यभर घरात बसून बाकावर पोहलेला माणूस.

त्यानंतर त्यांच्या वहीनं वेग घेतला. रोज काहीतरी मोडायचं. एकदा त्यांनी सगळं पुसूनच टाकलं आणि पुन्हा उभं केलं. एकदा पाणी उतरल्यावर पाणी आल्याचा निरोप गेला. "आज लई भारी चुकलो, पावणं!" अशी आरोळी देत ते आमच्या दारात यायचे आणि शेजारचे खिडकीतून बघायचे. शेवटच्या दिवशी सगळ्या वर्गासमोर, धाकट्या मालकांसमोर, त्यांनी बटन दाबलं आणि काहीही झालं नाही. मी मागच्या रांगेत होतो. साडूंनी चष्मा वर सरकवला, "थांबा, बघतो" एवढंच म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत शोधायला लागले. बऱ्याच वेळानं त्यांना एका नावातलं एक अक्षर चुकलेलं सापडलं. ते बदललं, बटन दाबलं, आणि हॉलभर फोन थरथरले. माझ्या खिशातलाही. मालक उठून टाळ्या वाजवत होते, पण साडूंचं तिकडं लक्ष नव्हतं. ते वहीत ती चूक लिहून घेत होते. त्यांच्या वर्गात सगळ्यांत जास्त चुका त्यांच्या भरल्या, आणि मॅडमनी वहीवर लिहिलं, 'काका, नट भरपूर सापडले.'

नवं काम त्यांच्याकडं आलं. जुलैत पावसानं जोर धरला तेव्हा एका सकाळी निरोप आला. या वेळी खरा. चुलतभावाचा फोन आला, पण शिव्या नाहीत, चौकशी नाही. "निरोप आलता. दूध घरातच तापवलंय," एवढंच म्हणून त्यानं ठेवून दिला. साडू दिवसभर खिडकीशी बसून होते. संध्याकाळी पाणी उतरल्याचा निरोप आला तेव्हा ते जेवायला उठले.

दोन पावसाळे असे गेले. मग गावाला नवा, उंच पूल झाला. त्याच्या उद्घाटनाला साडूंना मानानं बोलावलं, नारळ दिला, शाल दिली. मला वाटलं होतं ते हिरमुसतील. पण ते मनापासून खूश होते. सभेत उठून त्यांनी सांगितलं, "आता माझ्या निरोपाची गरज न्हाय. उद्यापासनं बंद करतो. चांगली गोष्ट हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसं पांगल्यावर एक म्हातारी बाई काठी टेकत त्यांच्याजवळ आली. मुलगा कुठंतरी लांब नोकरीला, घरात एकटीच, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

"बंद करालायसा व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय काकू. आता पूल उंच झाला की."

"पाण्याचं न्हाय म्हणत मी," ती म्हणाली. "मी कुठं जाती पुलावर? पर सकाळचा फोन वाजायचा. वाचाय येत न्हाय मला. कुणीतरी इचारलंय एवढं कळायचं."

साडू तिच्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "येईल की काकू. येत राहील."

परतीच्या वाटेवर त्यांनी वही काढली आणि कोल्हापूर येईपर्यंत निरोपाचे शब्द खोडून पुन्हा लिहीत राहिले. त्यालाही आता बरेच दिवस झाले. पाऊस असला की सकाळी माझा फोन वाजतो. माझा नंबर त्या यादीत राहून गेला आहे, आणि तो काढा असं मी सांगितलेलं नाही. 'पाऊस आहे. पूल मोकळा आहे. जपून असा.' त्या पुलावरून वर्षाकाठी मी एकदाही जात नाही. तरी मी तो निरोप पूर्ण वाचतो, आणि मग चहाला उठतो.